घरचे सांगतात

"काका, ही फाईल नक्की कोणाची आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि फायलींच्या बाबतीत सव्वीस वर्षांत कधी न अडखळलेला मी वरचं नाव वाचून दाखवायला लागलो. नाव वहिनींचं, अक्षर माझं, दोन्ही स्वच्छ. "नाव मलाही वाचता येतं हो," त्या म्हणाल्या. त्यांना या दवाखान्यात येऊन पुरता महिना झाला नव्हता. चष्मा केसांत खोचायचा आणि मग टेबलावर शोधायचा, एवढंच काय ते मला त्यांच्याविषयी माहीत होतं. "अकरा वर्षांची फाईल. काल पहिल्या पानापासून वाचली. यात एक माणूस अगदी डोळ्यांपुढे उभा राहतो. काय बोलतो, कशानं खुलतो, कशानं दुखावतो, सगळं. फक्त तो माणूस म्हणजे तुमच्या वहिनी नाहीत. त्या कुठं आहेत यात?" मी फाईल हातात घेतली. जाड होती, मागच्या बाजूला पुरवण्या टाचलेल्या. मी उभ्या उभ्याच पहिलं पान उलटलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. मनाच्या दवाखान्यात माणूस आला की डॉक्टरांच्या आधी तो माझ्यापुढे बसतो आणि मी त्याची हकिकत लिहून घेतो. छापील कागदाला दोन रकाने. डावा 'रुग्णाचं म्हणणं', उजवा 'घरचे सांगतात'. सांगतील ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा जुन्या डॉक्टरांचा नियम, आणि तो मी इतका पाळला की एका गृहस्थानं मला हासडलेली शिवीसुद्धा उजव्या रकान्यात अवतरणचिन्हं देऊन उतरवली होती. पण इतकी वर्षं ऐकल्यावर माणसाच्या मनात आणखी एक वही आपोआप तयार होते. माझ्या त्या वहीत रोग नसतात. कोण खुर्ची ओढून पुढे घेतं, कोण बायकोला "तू बोल ना" म्हणतं आणि तिचं वाक्य स्वतःच पुरं करतं, कोणाचं दुखणं ऐकताना घरच्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, असल्या नोंदी. गावाच्या उचापती करणारी ही वही मी घरच्या माणसांपुढे मात्र कधी उघडली नव्हती. वहिनींचे केसपेपर मीच लिहिले. डाव्या रकान्यात 'झोप नाही. थकवा. बाकी बरं आहे.' कधी नुसतंच 'बरं आहे.' उजवा रकाना भरून वाहिलेला. सांगणारा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ.

डॉक्टरबाईंनी पुरवणीतलं एक पान काढून वाचलं. 'मी या शहरात सात हजार माणसांना पोहायला शिकवलं. लोक रस्त्यात पाया पडतात. हिला त्याचं काही नाही. माझ्या सत्काराच्या दिवशीच हिचं डोकं दुखतं. मी इतका सोसतो म्हणून हिचं चाललंय, दुसरा असता तर.' पुढे तीन पानं तेच. "उजव्या रकान्यात घरच्यांनी रुग्णाबद्दल सांगायचं असतं ना?" त्या म्हणाल्या. "इथं घरच्यांनी स्वतःबद्दल सांगितलंय. अकरा वर्षं. आणि तुम्ही लिहून घेतलंत."

"सांगितलं ते लिहिलं."

"फार छान लिहिलंत, म्हणून तर कळलं." यात टोमणा होता की शाबासकी, मला ठरवता आलं नाही. मग त्या कपाटाकडे वळल्या. उदासी, भीती, झोप, दारू, संशय. सगळ्या फायली मी प्रकारानं लावलेल्या. "नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार," त्यांनी कपाटावर चिकटवलेल्या विकारांच्या छापील यादीवर बोट ठेवलं. "आपणच मोठे, बाकीचे आपल्याकडे बघायला जन्मलेले, आणि आत कुठंतरी सतत भीती, की कोणी बघायचं थांबलं तर? याची एकही फाईल नाही तुमच्याकडे. सव्वीस वर्षांत एकही?"

"कोणी आलंच नाही."

"येत नाहीत. त्यांना स्वतःला काही झालंय असं वाटतच नाही. जे त्यांच्याबरोबर राहतात त्यांना होतं, आणि ते येतात, आणि आपण त्यांच्या झोपेची गोळी लिहितो. बरं, हे स्वतः आलेच तर येतात रक्तदाब घेऊन नाहीतर पडलेलं तोंड घेऊन, आणि अर्ध्या तासात डॉक्टरलाच खिशात घालतात."

मी विचारलं, दादाला तो आहे का. विचारताना आवाज खाली गेला, जणू दादा कपाटामागे उभा होता. "मी न तपासलेल्या माणसावर शिक्का मारत नाही," त्या म्हणाल्या. "हल्ली हा शब्द लोक सासूला, नवऱ्याला, साहेबाला शिवीसारखा देतात. मला तसा नकोय. मला गोळ्यांचं बघायचंय. वहिनींचा डोस तीनदा वाढला आणि तिन्ही वेळा उजव्या रकान्यावरून. आता तुमच्या दादांची चिठ्ठी आलीय, अजून वाढवा, नाहीतर पंधरा दिवस भरती करून घ्या. शनिवारी सत्कार आहे म्हणे. अकराला येतायत दोघं. मी वहिनींना एकटीला भेटणार. आणि उजवा रकाना आज तुम्ही भरायचा."

"मीच भरतो की."

"लिहिणारा म्हणून नाही. घरचा म्हणून."

अकरा वाजायला अजून तास होता. मी माझ्या खोलीत येऊन कोरा केसपेपर पुढ्यात घेतला. 'माहिती देणाऱ्याचं रुग्णाशी नातं' या ओळीवर 'दीर' लिहिलं. पेन तिथंच थांबलं. हे पेन धरायला मला दादानं शिकवलं. माझी मूठ आपल्या मुठीत घेऊन, मागे उभा राहून, हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवून तो अक्षरं गिरवून घ्यायचा. आमचे वडील लवकर गेले. या नोकरीसाठी जुन्या डॉक्टरांकडे शब्द त्यानंच टाकला. माझ्या आयुष्यातली चार चांगली माणसं मोजायला बसलो तर पहिलं बोट त्याच्याच नावाचं, आणि ते काही खोटं नाही. अडचण तिथंच आहे. एखादा माणूस नुसताच वाईट असता तर कोणीतरी कधीतरी तक्रार केली असती. दादाची तक्रार कोण करणार? तलावावर तो शिट्टी वाजवायचा तेव्हा घाबरलेली पोरं हात सोडायची आणि तरंगायची. अर्ध्या शहराच्या आयांनी त्याला आशीर्वाद दिलेत. आमच्या दवाखान्याचा पहारेकरी त्याचा विद्यार्थी, औषधं देणारी बाई त्याची विद्यार्थिनी, आणि जुन्या डॉक्टरांची तर गंमतच. वहिनी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी दादालाही आत बोलावलं होतं, नवरा म्हणून जरा चाचपायला. वीस मिनिटांनी मी चहा घेऊन गेलो तर डॉक्टर उभे राहून, हात वर करून, आपला खांदा कुठपर्यंत जातो ते दाखवत होते आणि दादा तपासत होता. पुढच्या सोमवारपासून डॉक्टर तलावावर जायला लागले. मला म्हणाले, "तुझा भाऊ लाखात एक आहे. अशा माणसाच्या सहवासात राहून ही बाई उदास का, तेच मला उमगत नाही." उत्तर त्यांच्या वाक्यातच होतं, पण त्यांच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. माझ्या पोचलं. मी लिहिणारा, मी गप्प.

आणि सगळ्यात मोठा उपकार म्हणजे मी जिवंत आहे. मी लहानपणी गावाबाहेरच्या तळ्यात बुडत होतो, दादानं मला ओढून काढलं. हे खरं आहे, माझ्या दंडावर त्याच्या नखांची खूण अजून आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, पाणी छातीपर्यंत होतं, शेवाळावरून पाय सरकला आणि मी आडवा झालो. दादा बारा वर्षांचा. ही गोष्ट त्यानं पहिल्यांदा चारचौघांत सांगितली ती त्याच्या लग्नात, आणि त्यात मी आठ वर्षांचा होतो. त्याच्या मुलीच्या बारशाला सात. तलावाच्या दहाव्या वाढदिवसाला मी सहा वर्षांचा झालो आणि पाणी डोक्यावरून गेलं. गेल्या वर्षीच्या सत्कारात मी चार वर्षांचा होतो, पाणी दोन पुरुष खोल, आणि काठावर उभी असलेली आमची आई, जी त्या दिवशी मामाकडे गेली होती, टाहो फोडत होती. या वेगानं मी लवकरच जन्माआधी बुडणार, असं मी एकदा वहिनींना म्हणालो होतो. त्या इतक्या हसल्या होत्या की पदर तोंडात धरावा लागला. खरी गोष्ट त्यांना आमच्या आईनंच सांगितलेली. तेव्हापासून आमची एक खूण ठरून गेली, न ठरवता. दादा व्यासपीठावर तळ्यापाशी आला की पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनी दोन्ही हात पर्सवर ठेवायच्या. डाव्या हाताची पाच बोटं, उजव्या हाताची चार, अंगठा आत मुडपलेला. नऊ. मान समोर, चेहरा कौतुकानं भरलेला, आणि बोटं माझ्यासाठी. टाळ्यांच्या कडकडाटात ती नऊ बोटं बघताना मला वाटायचं, चला, या जगात माझं खरं वय माहीत असलेलं एक माणूस तरी आहे.

ती बोटं कधी बंद झाली? मी फाईल पुन्हा चाळली. तारखांचा मी पक्का आहे. डोस दुसऱ्यांदा वाढला त्या वर्षी. त्या वर्षीच्या कार्यक्रमात मी मागून मान लांब करून पाहिलं तर वहिनींचे हात पर्सवर नुसते पडलेले, कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखे. मी मनाशी म्हटलं, कंटाळल्या असतील, जुना विनोद तो. मग मी ओळी मोजल्या. मोजणं हा माझा स्वभाव आहे, त्यावर औषध नाही. अकरा वर्षांत डाव्या रकान्यात वहिनींच्या एकशे चार ओळी. उजवीकडे दादाच्या दोन हजारांवर. आणि त्या दोन हजारांत ती आठवण नव्हती जी मला आता एकदम आठवली. नव्या तलावाच्या पाटीवर दादाचं नाव तिसरं आलं होतं. दादा आठ दिवस अंथरुणात, पडदे ओढलेले, भिंतीकडे तोंड. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब लिहिला. त्या आठ दिवसांत वहिनी कचेरीत चार हेलपाटे घालून, तिथल्या साहेबापुढे बसून, पाटी बदलून आल्या. नवव्या दिवशी रक्तदाब उतरला. शनिवारच्या सत्काराच्या पत्रिकेत त्याबद्दल छापलंय, 'लोकांनी आग्रह धरला.' लोक म्हणजे वहिनी, एक नग, पायात झिजलेल्या चपला.

बरोबर अकराला बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. दादा येतो तेव्हा माणसं उठतात. पांढराशुभ्र शर्ट, ताठ पाठ, पासष्टीतही पोटाचा मागमूस नाही. पहारेकऱ्याच्या पाठीवर थाप, औषधवालीला "पोहणं सोडलंस ना? दिसतंय," आणि मला दारातूनच, "काय छोट्या, अजून शाई सांडतोस की शिकलास?" मी बासष्ट वर्षांचा आहे. वहिनी त्याच्या मागे, नेहमीसारख्या दीड पाऊल. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज मी यांना एकटीला आत घेते."

"अहो, तिला नीट सांगता येत नाही," दादा गोड हसला. "मी असतो बरोबर. अकरा वर्षं मीच सांगतोय."

"म्हणून तर म्हटलं, आज तुम्हाला विश्रांती."

दादा मोठ्यानं हसला, कारण बाहेर बसलेले चार लोक बघत होते. वहिनींनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय केलं ते नीटसं आठवत नाही. बहुतेक मान हलवली. त्या आत गेल्या आणि दार लागलं. दाराचा तो साधा खट्ट आवाज मला अजून ऐकू येतो.

दादा माझ्या खोलीत येऊन बसला. मी कोऱ्या केसपेपरवर हात ठेवला. तो शनिवारचं सांगू लागला, कोण कोण येणार, खुर्च्या किती, छायाचित्रकार दोन. "आणि शेवटी तुझी गोष्ट," तो म्हणाला, "त्यानंच लोक हलतात. हा माझा भाऊ, तीन वर्षांचा…"

"दादा, मी किती वर्षांचा होतो?"

"तीन. साडेतीन फार तर. तुला काय आठवणार?"

दहा मिनिटं झाली. पंधरा. खोलीत ऐकणारा मी एकटाच, आणि मी धड ऐकत नव्हतो, हे त्याला कळलं असावं. त्याचं बोलणं हळूहळू आटलं. गडी, ज्याच्यापुढे सभागृहं गप्प बसतात, तो माझ्या स्टुलावर बसून गुडघा हलवू लागला. पंचवीस मिनिटं. "आत एवढं काय बोलतेय? हिच्याकडे बोलायला आहे काय?" मग एकदम, अगदी खाली घेतलेल्या आवाजात, "छोट्या, ती फाईल तुझ्याकडेच येते ना? माझ्याबद्दल काही वेडंवाकडं असलं तर… तू सांगशील मला आधी." मी त्याच्याकडे बघितलं. तलावावर तो मुलांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतो. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या कडेशी आलेलं असतं, मान मागे कललेली, डोळे कुठंच बघत नसतात. काठावरच्यांना वाटतं, मजेत आहे. मला वाटलं, हे त्यानंच शिकवलं, आणि मी दोन माणसं अकरा वर्षं काठावरून बघत राहिलो. त्यातली एक मजेत नाही एवढं तरी मला कळलं होतं. दुसऱ्याची मान आत्ता, या क्षणी, माझ्यापुढे मागे कलली होती आणि त्याच्या पायाखाली जमीन लागत नव्हती. ती त्याला कधी लागलीच नसेल. म्हणून तर तो इतका उत्तम तरंगायला शिकला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो नखांच्या खुणेपाशी एक उमाळा. त्याच्या हातावर मी हात ठेवला. "फाईल वहिनींची आहे, दादा," मी म्हणालो. "तुला त्यातलं नाही सांगता यायचं." माझ्या आयुष्यात त्याला दिलेला हा पहिला नकार. वाक्य पुरं झालं. त्यानं हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. वहिनींचे डोळे लाल होते, आणि चालताना त्या दादाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. होत्या तिथंच, दाराशी, थांबल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, भरतीची गरज नाही, गोळ्या हळूहळू कमी करायच्या, दर आठवड्याला वहिनींनी एकटीनं यायचं. मग दादाकडे वळून, अगदी साधेपणानं, "तुमच्याशीही बोलायला मला आवडेल. तुमच्यासाठी म्हणून. वेगळी फाईल काढून."

दादाच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीच नव्हतं, पुसलेल्या पाटीसारखं. मग बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं त्याला दिसली आणि तो परत उजळला. "माझी फाईल? मला काय झालंय? उलट तुम्हीच या तलावावर, पंधरा दिवसांत पोहायला शिकवतो. या माझ्या भावाला विचारा. तीन वर्षांचा होता, पाणी दोन पुरुष, मी उडी घेतली…" पहारेकरी मान डोलवू लागला. औषधवाली खिडकीतून डोकावली. डॉक्टरबाईसुद्धा, खोटं कशाला बोलू, क्षणभर ऐकत राहिल्या. तो सांगतोच तसा.

माझी नजर, सवय गेलेली असूनही, वहिनींच्या पर्सवर गेली. हात पडलेलेच होते. मग डाव्या हाताची बोटं हलली, थंडीत बधिर झालेली माणूस हलवतं तशी, सावकाश, आणि पाचही पसरली. उजवा हात जरा थांबला. अंगठा आत गेला. मान समोर, चेहरा दादाकडे, आणि पर्सवर बरोबर नऊ बोटं. मला ठसका लागला. "पाणी प्या, भावोजी," वहिनी म्हणाल्या. आणि मग, दादाचं वाक्य अर्ध्यात असताना, "शनिवारी मी येईन हं. पुढे नको मला. मागे बसेन, भावोजींच्या शेजारी." दादा थांबला. त्याला वहिनींनी मधेच तोडल्याची ही बहुधा पहिलीच वेळ, माझ्या मनातल्या वहीत तरी तशी नोंद नाही. "बस कुठं बसायचं तिथं," तो म्हणाला, आणि गोष्ट पुढे सांगू लागला.

ते गेल्यावर मी खोलीचं दार लावलं. खिडकीतून दिसत होतं, रस्ता ओलांडताना दादा पुढे, वहिनी मागे. पण सिग्नलपाशी तो थांबला, वळून त्यानं त्या येतायत का ते पाहिलं. घाबरून पाहिलं की काळजीनं, इथून कळायला मार्ग नव्हता, आणि कळलं असतं तरी मी कोण ठरवणारा. यादीतल्या त्या ओळीपुढची जागा बहुधा कोरीच राहणार. तो वेगळी फाईल काढायला कधी येणार नाही. त्याच्या दुखण्याचा सगळ्यात तपशीलवार कागद दुसऱ्याच माणसाच्या नावावर, माझ्या वळणदार अक्षरात, कपाटात राहील. ते अक्षर त्यानंच दिलं, म्हणून मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. महिनाभरापूर्वी आलेल्या, चष्मा हरवणाऱ्या त्या बाईला केला. आणि ज्यांनी इतक्या गोळ्यांच्या तळाशी ती नऊ बोटांची जुनी मोजणी शाबूत ठेवली होती त्या वहिनींना केला, सगळ्यात खाली वाकून.

मग पेन उचललं. माहिती देणाऱ्याचं नातं, दीर. उजवा रकाना. पहिली ओळ लिहिली. 'माझ्या भावानं मला बुडताना वाचवलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.' दुसरी ओळ. 'तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि पाणी छातीपर्यंत होतं.' एवढं एकदा खरं लिहून झाल्यावर हात मोकळा झाला. तिसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं वहिनींबद्दल होतं. कागद पुरला नाही. मी पुरवणी जोडली.